फितीवरचं लाल

शाम शुई पो, सहावा मजला, लिफ्ट नाही.
आऊयंग गुरुजी दर मजल्याला थांबत आले.
दाराला टेकून आधी त्यांनी श्वास मोजला,
मग खोली.
एकशे दहा चौरस फूट. त्यात आई, मी,
पलंग, शेगडी, संडास,
आणि खिळ्याला बाबांचा कोट.

होकायंत्र काढलं, लाकडी, ताटाएवढं,
अक्षरांची वर्तुळं एकात एक.
सुई थरथरतच राहिली,
शेजारच्या फ्रिजमुळे असेल, किंवा भिंतीतल्या सळ्यांमुळे.
"पूर्व कुठे?" आईनं विचारलं.
"पूर्व पलंगाखाली आहे. आग्नेयही तिथेच.
पश्चिमेवर ही पोर उभी आहे."
मी सरकले.
सरकायला फक्त उत्तर उरली होती.

"घरचे मालक?"
"गेले," आई म्हणाली.
गेले म्हणजे कुठे, की कसे,
त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे
दोन्हीला एकच शब्द चालतो.

संडासाचं दार उघडलं की शेगडीला आपटायचं.
पाणी आणि आग, जन्माचं वैर.
मध्ये लाकूड हवं, म्हणाले.
आईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.
बरं, हिरवं काहीही चालेल.
मग कपडे धुवायची हिरवी प्लास्टिकची परात
दोघांच्या भांडणात उभी राहिली.
आरसा रात्रभर पलंगाकडे बघतो म्हणून
त्याच्या तोंडावर टॉवेल.

शेवटी फीत. एक टोक माझ्या हातात.
साधी फीत नव्हती ती. आकड्यांशेजारी अक्षरं,
काही लाल, काही काळी.
लाल म्हणजे धन, संतती, घरी परतणं.
काळं म्हणजे आजार, कोर्ट, आणि पुढचं.
आमचं दार त्या पुढच्यावर आलं.
ताटातूट.
मी नऊ वर्षांची, मला तेवढं वाचता येत होतं.

गुरुजींनी आईकडे पाहिलं.
तिनं श्वास धरून ठेवला होता.
त्यांचा अंगठा दोन सूत सरकला.
"लाल," ते म्हणाले. "दार उत्तम आहे.
दाराला हात लावू नका."
मी माझं टोक हलू दिलं नाही.

भिंतीला मात्र रंग हवा, म्हणाले, कोवळ्या पाल्याचा.
आणि पलंग वीतभर आत,
झोपलेल्याचे पाय दाराकडे नकोत.
लाल पाकिटातल्या तीन नोटांतली एक घेतली,
दोन तिथेच शेगडीपाशी विसरले.
जिना उतरताना खूप वेळ ऐकू येत होते.

कोवळ्या पाल्याचा डबा परवडला नाही.
दुकानात कुणीतरी मागवून न नेलेला एक होता,
चुकून कालवलेला, अर्ध्या किमतीत.
रात्री दिव्याखाली तो हिरवा होता,
सकाळी वाळून भलताच.
दवाखान्यासारखा, असं पलीकडची ल्याक मावशी म्हणाली.
मला तो टूथपेस्टचा वाटला.
आई रोज भिंतीला बोट लावून बघायची,
वाळला की नाही.
पंधरा दिवस बघत होती.

पलंग ओढला तेव्हा मागे सापडलं ते असं:
एक मोजा, सुकलेली संत्र्याची साल,
आणि बाबांचं बसचं कार्ड.

खालच्या दुकानात आईनं ते यंत्रावर ठेवलं.
उणे आठ डॉलर वीस सेंट.
म्हणजे शेवटचा प्रवास उधारीवर झाला होता.
कुठून कुठे, ते यंत्र सांगू शकलं असतं,
बटण दाबायचं होतं फक्त.
दुकानदाराचं बोट वर उचललेलं.
आईनं मान हलवली, नको.
गुरुजींनी विसरलेल्यातली एक नोट पुढे केली.
आधी उधारी फिटली,
मग उरलेले आकडे उजळले.

सोमवारपासून मी त्याच कार्डावर शाळेला.
मोठ्यांचं कार्ड, पूर्ण भाडं कापायचं.
मी सांगितलं तिला, दुप्पट जातात गं.
ती भिंतीकडे तोंड करून भात निवडत होती.
म्हणाली,
कापू दे.